अक्षरांना बोलते कोणी करावे? : अंधांसाठीच्या आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक साधनांचा इतिहास

मराठीतील ‘वाचणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृतातील ‘वच्’ या धातूत आहे. ‘वच्’ म्हणजे बोलणे. आणि ‘वाचयति’ या त्याच्या प्रयोजक रूपाचा मूळ अर्थ बोलावयास लावणे असा आहे. पानावरचा मजकूर मुका असतो. वाचणारा त्याला बोलते करतो. डोळ्यांचा उल्लेख या शब्दात कोठेही नाही. हा अर्थ ध्यानात ठेवला म्हणजे अंधांच्या वाचनाचा प्रश्न नीट मांडता येतो. लेख बोलता झाला पाहिजे हे खरे. परंतु त्याला बोलते कोणी करावयाचे? शेजारी बसलेल्या डोळस माणसाने, यंत्राने, की स्वतः वाचकाने?

आपल्याकडे या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर पहिले होते. बालपणीच दृष्टी गेलेले विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी विपुल ग्रंथरचना केली, ती इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि इतरांकडून लिहवून घेऊन. त्यांच्या असामान्य धारणाशक्तीला जे साधले ते प्रत्येक अंध विद्यार्थ्याला साधेल अशी अपेक्षा धरता येत नाही. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली उठावाच्या ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली आणि अंधांना स्वतः वाचण्याचे व लिहिण्याचे सामर्थ्य दिले. त्या लिपीचे महत्त्व आजही तिळमात्र कमी झालेले नाही. परंतु ब्रेलमध्ये उतरलेले पुस्तक आणि बाजारात मिळणारे छापील पुस्तक यांमधील अंतर आधी कोणीतरी डोळस माणसाने ओलांडलेले असावे लागे. टपालाने आलेले पत्र, सकाळचे वर्तमानपत्र, दुकानदाराची पावती ही ब्रेलमध्ये कधीच येत नसत. हे अंतर यंत्राच्या साहाय्याने ओलांडण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकात झाले, त्यांचा आणि त्यांच्याच जोडीने वाट शोधण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. या यंत्रांपैकी बहुतेक आज वापरात नाहीत. तथापि वाचन म्हणजे काय आणि भाषा म्हणजे काय, याविषयी त्यांनी जे शिकविले ते भाषेच्या अभ्यासकांनी विसरण्याजोगे नाही.

१

या इतिहासाचा आरंभ सेलेनियम या मूलद्रव्यापासून होतो. सेलेनियमवर प्रकाश पडला असता त्याचा विद्युत्-विरोध कमी होतो, ही गोष्ट विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये जाहीर केली. समुद्राखालील तारायंत्राच्या तारांची चाचणी चालू असता हा गुण लक्षात आला होता. प्रकाशातील बदलाचे विजेच्या प्रवाहातील बदलात रूपांतर होऊ शकते, आणि विजेच्या प्रवाहाचे ध्वनीत रूपांतर करणारा दूरध्वनी लवकरच उपलब्ध झाला. तेव्हा प्रकाश कानांनी ऐकता येईल ही कल्पना फार दूर राहिली नाही. पोलिश नेत्रवैद्य नोइशेव्स्की यांनी १८९७ मध्ये सेलेनियमच्या आधारे उजेड व काळोख यांतील भेद कळविणारे एक उपकरण योजिले होते. परंतु ज्यातून पुढे वाचनाचे यंत्र निर्माण झाले ते काम एडमंड फोर्निए डाल्ब (१८६८–१९३३) यांचे.

डाल्ब हे बर्मिंगहॅम येथे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. १९१२ मध्ये त्यांनी ‘ऑप्टोफोन’ नावाचे उपकरण लोकांपुढे ठेवले. ते हातात धरून फिरविले असता खिडकी कोठे आहे, दिवा कोठे आहे, हे कानाला लावलेल्या श्रवणिकेतील आवाजावरून समजे. शास्त्रज्ञांना त्याचे कौतुक वाटले. परंतु ज्यांच्यासाठी ते केले होते त्यांना त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. खिडक्या आणि दिवे शोधणे ही आमची अडचण नव्हे, उपजीविका कशी करावी ही आमची अडचण आहे, अशा आशयाचे उत्तर एका अंध विधिज्ञाने दिले. डाल्ब यांचे श्रेय असे की त्यांनी ही टीका मनावर घेतली. दिवे शोधण्याचा नाद सोडून ते छापील अक्षरांकडे वळले, आणि १९१४ मध्ये अक्षरे वाचणाऱ्या ऑप्टोफोनचे वर्णन त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले.

या यंत्राची रचना समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा वाद तिच्यातूनच उद्भवतो. एका फिरत्या तबकडीवर समकेंद्र वर्तुळांत भोके पाडलेली असत. प्रत्येक वर्तुळातील भोकांची संख्या निराळी. त्यांतून जाणारा प्रकाश निरनिराळ्या गतीने खंडित होई आणि अक्षराच्या उंचीवर एकाखाली एक असे प्रकाशाचे लहान ठिपके पडत. कागदावरून परतलेला प्रकाश सेलेनियमवर पडला की प्रत्येक ठिपक्याचा एक स्वर उमटे. वरच्या ठिपक्याचा उंच, खालच्याचा खालचा. ओळीवरून यंत्र पुढे सरके तसतशी स्वरांची आकृती बदलत जाई. इंग्रजीतील ‘व्ही’ हे अक्षर आले की स्वर उतरत जाऊन पुन्हा चढत. उभा दंड आला की अनेक स्वर एकदम वाजत. म्हणजे यंत्र ‘अ’ला ‘अ’ म्हणत नसे. ते अक्षराच्या आकाराचे स्वरलेखन करी, आणि त्या स्वरांतून अक्षर ओळखण्याचे काम वाचकाकडे राही.

प्रथमच्या रचनेत कोऱ्या कागदावर सारे स्वर वाजत आणि शाई आली की काही स्वर गळत. गळलेल्या स्वरांवरून अक्षर ओळखावे लागे. ग्लासगो येथील बार अँड स्ट्राउड या दुर्बिणी व अंतरमापके बनविणाऱ्या कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर हे यंत्र बनविण्याचे हाती घेतले, तेव्हा तिने ही व्यवस्था उलटी केली. आता कोरा कागद निःशब्द झाला आणि शाई बोलू लागली. ही सुधारणा वरकरणी क्षुल्लक भासते. परंतु न वाजलेले स्वर ऐकावयाचे आणि वाजलेले स्वर ऐकावयाचे, यांत किती अंतर आहे हे संगीत जाणणाऱ्यास सांगावयास नको.

२

यंत्राचा शोध लावणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. ते यंत्र चालवून दाखविणाऱ्याचे नाव बहुधा राहत नाही. ऑप्टोफोनच्या बाबतीत हे दुसरे नाव मेरी जेमसन यांचे आहे. जेमसन या अंध होत्या. १९१८ मध्ये डाल्ब यांनी यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक केले तेव्हा अपरिचित मजकूर त्यांनीच वाचून दाखविला. त्यांचा त्या वेळचा वेग मिनिटाला एखाद-दुसऱ्या शब्दापलीकडे नव्हता. हा आकडा ऐकून हसू येईल. पण दुसऱ्या कोणाची मदत न घेता अंध व्यक्तीने सामान्य छापील पान वाचण्याची ही घटना होती, हे विसरता कामा नये. पुढे सरावाने त्यांचा वेग वाढत गेला आणि मिनिटाला साठ शब्दांपर्यंत पोहोचल्याचे नमूद आहे. अँथनी ट्रॉलप यांची ‘द वॉर्डन’ ही कादंबरी त्यांनी या यंत्रावर वाचली.

जेमसन यांनी कित्येक दशके ऑप्टोफोन वापरला. यंत्रात कोठे दोष आहे, कोणता स्वर कानाला लवकर सापडतो, कोणती दोन अक्षरे एकमेकांत मिसळतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आणि १९६६ मध्ये त्यांनी स्वतःच या यंत्राच्या जन्माची व वाढीची हकीकत लिहिली. अशा व्यक्तीला यंत्राचे केवळ ‘प्रात्यक्षिक दाखविणारी बाई’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. संशोधकाच्या मेजावर जे यंत्र अपुरे होते ते तिच्या कानांनी आणि चिकाटीने पुरे केले.

तथापि यंत्राच्या मर्यादाही जेमसन यांच्या यशातच दडलेल्या होत्या. त्यांच्यासारखी साधना करण्यास फार थोड्यांना सवड व उत्साह होता. यंत्र महाग होते, थोडीच बनली, आणि सामान्य शिकाऊ वाचकाची गती मिनिटाला काही शब्दांवर अडून राही. ब्रेलवर सरावलेले बोट याहून कितीतरी वेगाने धावते. त्यामुळे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ऑप्टोफोन हळूहळू मागे पडला. हा दोष सेलेनियमचा होता, सरावाचा होता, की त्याच्या मुळाशी आणखी काही होते, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिले.

३

युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून १९४४ मध्ये अमेरिकेत ज्ञानेंद्रियांच्या साधनांचा विचार करणारी एक समिती नेमण्यात आली. शरीरशास्त्रज्ञ जॉर्ज कॉर्नर हे तिचे अध्यक्ष होते. वाचनयंत्राचे संशोधन न्यूयॉर्क येथील हॅस्किन्स प्रयोगशाळेकडे सोपविण्यात आले. तेथे फ्रँकलिन कूपर आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ ॲल्व्हिन लिबरमन यांनी आरंभी असे गृहीत धरले की ऑप्टोफोनची अडचण निव्वळ स्वरांच्या निवडीची आहे. अधिक ठसठशीत, अधिक भिन्न असे ध्वनी प्रत्येक अक्षरासाठी योजले की काम होईल. बोलणे म्हणजे तरी काय? एकापुढे एक ओवलेले ध्वनीच ना?

त्यांनी अनेक ‘ध्वनिवर्णमाला’ करून पाहिल्या. एकही धड चालली नाही. कोणताही नवा ध्वनिसंच घेतला तरी ऐकणाऱ्याची गती साधारण बोलण्याच्या गतीच्या दशांशापर्यंतही नेटाने पोहोचेना. वेग वाढविला की सुटे ध्वनी एकमेकांत मिसळून गुणगुण होई. येथे खरा प्रश्न उभा राहिला. सामान्य संभाषणात दर सेकंदाला दहा-पंधरा वर्ण सहज येऊन जातात. मग ते कानात मिसळून का जात नाहीत? भाषेतील ध्वनींत असे काय आहे की जे यंत्राच्या ध्वनींत नाही?

या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यासाठी कूपर यांनी एक विलक्षण यंत्र बनविले. बोलण्याचा आलेख काढणारी साधने तोवर निर्माण झाली होती. कूपर यांच्या यंत्राने उलटी क्रिया साधली. पट्टीवर कुंचल्याने आलेख रंगवावा आणि यंत्राने तो बोलून दाखवावा. १९५० च्या सुमारास हे यंत्र कामास लागले आणि आलेखातील एकेक रेषा काढून वा बदलून कानाला काय ऐकू येते हे पाहता येऊ लागले. निष्कर्ष अनपेक्षित होता. ‘डि’ आणि ‘डु’ यांतील ‘ड’ आपल्याला एकच ऐकू येतो. आलेखात मात्र त्या दोहोंची रेषा सर्वस्वी निराळी असते. व्यंजन म्हणून वेगळा कापून काढावा असा तुकडा त्या आलेखात सापडतच नाही. जीभ ‘ड’ उच्चारत असतानाच ओठ पुढच्या ‘उ’ची तयारी करीत असतात, म्हणून दोन्ही वर्णांची खूण एकाच क्षणी, एकाच ध्वनीत मिसळून येते. बोलणे ही मण्यांची माळ नव्हे. एकमेकांत विणलेल्या धाग्यांचे ते वस्त्र आहे, आणि ते वस्त्र उकलण्याची हातोटी मनुष्याला उपजतच लाभलेली असावी असे या संशोधकांचे मत झाले. लिबरमन, कूपर आदींचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९६७ मध्ये प्रकाशित झाला. आधुनिक ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासात त्याला पायाभूत स्थान आहे.

मराठी वाचकाला या सिद्धांतात काहीशी ओळखीची खूण पटावी. आपल्या लिपीने सुटे व्यंजन सुटे न मानता त्याला स्वराची मात्रा जोडून ‘कि’, ‘कु’, ‘के’ अशी अखंड आकृती केली आणि तिलाच अक्षर म्हटले. रोमन लिपी वापरणाऱ्या संशोधकांना ज्या सत्याकडे पोहोचण्यास यंत्राची मदत घ्यावी लागली, त्याची पुसट जाणीव आपल्या लेखनपद्धतीत आरंभापासून आहे. तिने आधुनिक सिद्धांत आधीच सांगितला होता असे मात्र म्हणता येणार नाही. प्रयोगाने सिद्ध होणे ही वेगळी गोष्ट आहे.

अंधांसाठी यंत्र करावयास निघालेल्या मंडळींना यंत्र साधले नाही, पण मानवी भाषेचे एक रहस्य हाती लागले. ऑप्टोफोन का हरला हेही त्यातून स्पष्ट झाले. वाचकाला वेगाने ऐकवावयाचे असेल तर यंत्राने अक्षराचा आकार गाऊन भागणार नाही. त्याने भाषाच बोलली पाहिजे. लिखित वर्णांपासून नियमाने बोलणे कसे घडवावे, याचे नियम हॅस्किन्सच्या मंडळींनी १९५९ मध्ये मांडले. पुढे बोलू लागलेल्या सर्व यंत्रांच्या पूर्वजांत त्यांची गणना होते.

४

वाचनासाठी जे प्रयत्न चालले होते त्यांच्याच बरोबरीने, आणि पुष्कळदा त्याच संस्थांत, वाट शोधण्याच्या साधनांचेही प्रयोग चालू होते. तेथेही मूळ प्रश्न तोच होता : बाहेरच्या जगाचा अर्थ माणसाने लावावयाचा की यंत्राने?

अंध माणसाला भिंत जवळ आली की चेहऱ्यावर काही जाणवते, असे पूर्वापार मानले जाई. कॉर्नेल विद्यापीठातील सूपा, कॉटझिन आणि डॅलेनबाख यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजुतीचा निकाल लावला. यांपैकी मायकेल सूपा हे स्वतः अंध होते. चेहरा झाकला तरी अडथळा कळे; कान बंद केले की कळेनासा होई. पावलांच्या आवाजाचा प्रतिध्वनी हेच त्या ‘चेहऱ्याच्या दृष्टी’चे रहस्य होते. वटवाघुळे आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात हे डोनाल्ड ग्रिफिन यांनी त्याच सुमारास दाखवून दिले होते, आणि १९४४ मध्येच त्यांनी अंध माणसे, वटवाघुळे व रडार या तिघांना एका निबंधात एकत्र आणले.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी अंध सैनिकांसाठी लांब काठीची पद्धत बसविली. काठी हलकी आणि नेहमीपेक्षा लांब असे. ती लंबकाप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवावयाची आणि जे पाऊल पुढे पडावयाचे त्या जागेची आधी चाचपणी करावयाची. या साधनात विजेचा लवलेश नव्हता. नेमक्या याच काळात लष्कराच्या संदेशवहन विभागात लॉरेन्स क्रॅनबर्ग यांनी प्रकाशकिरणाने अडथळ्याचे अंतर मोजून हाताला कंपनांनी कळविणारे उपकरण तयार केले. त्याचे पंचवीस नमुने बनविण्यात आले, आणि पुढे हॅवरफोर्ड कॉलेजात त्यांची कसून परीक्षा झाली. परीक्षा घेणारे पदार्थविज्ञानाचे अध्यापक टॉमस बेनम हे अंध होते. समोरची भिंत हे उपकरण सांगे. परंतु खाली उतरणारी पायरी त्याला सांगता येत नसे. ज्याने फलाटाच्या कडेशी एकट्याने पाऊल टाकले आहे त्यालाच या उणिवेचे गांभीर्य कळेल. काठी मात्र ती पायरी सांगत होती.

वटवाघुळाचा धडा सर्वाधिक निष्ठेने गिरविला तो लेस्ली के यांनी. बर्मिंगहॅम विद्यापीठात, म्हणजे डाल्ब यांच्याच शहरात, त्यांनी श्रवणातीत ध्वनीचा ‘टॉर्च’ तयार केला. १९६० च्या दशकाच्या मध्यास तो उत्पादनात आला. वारंवारता सतत बदलणारी लहर तो सोडी आणि परतलेल्या प्रतिध्वनीचा कानाला ऐकू येईल असा स्वर करी. दूरची वस्तू उंच स्वरात, जवळची खालच्या स्वरात. गुळगुळीत भिंत एका परीने वाजे, पानांनी भरलेले झुडूप दुसऱ्या परीने. १९६६ मध्ये के न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी हेच तत्त्व चष्म्याच्या चौकटीत बसविले. दोन कानांत येणाऱ्या आवाजांच्या फरकावरून वस्तूची दिशाही कळू लागली. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत काठीतच लेसरचे तीन किरण बसविण्यात आले : एक डोक्याच्या उंचीसाठी, एक समोरचा, आणि एक खड्ड्यासाठी खालच्या बाजूला.

ही सर्व उपकरणे बुद्धिमत्तेची साक्ष देतात. तरीही रस्त्यावर टिकली ती काठीच. याचे कारण अंध माणसाचा कान रिकामा नसतो हे आहे. वाहनांचा आवाज, पावलांचा प्रतिध्वनी, चौकातील मोकळेपणा हे सारे तो आधीच ऐकत असतो. त्या कानात यंत्राने आणखी एक गाणे भरले तर मिळते त्यापेक्षा जाते अधिक. काठी फारसे बोलत नाही. म्हणून तिच्यावर विश्वास टाकता येतो. पुढील काळातील शहाण्या उपकरणांनी ही गोष्ट ओळखली. दिल्लीच्या आयआयटीत विकसित होऊन २०१४ मध्ये उपलब्ध झालेली ‘स्मार्टकेन’ ही काठीला पर्याय नाही. ती काठीच्याच मुठीवर बसते, श्रवणातीत ध्वनीने गुडघ्यावरचे अडथळे शोधते आणि कानाला त्रास न देता मुठीच्या कंपनाने कळविते. जमिनीचे काम काठीकडे आणि वरच्या अडथळ्यांचे काम यंत्राकडे, ही वाटणी सत्तर वर्षांच्या अनुभवातून निघालेली आहे.

५

काठीचे यश स्पर्शाचे यश होते. वाचनाच्या क्षेत्रातही कानाकडून बोटाकडे वळण्याचा विचार याच काळात पुढे आला. त्यामागे एका पित्याची तळमळ होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची कन्या कँडी बालपणीच अंध झाली होती. छापील अक्षराचा आकारच बोटाखाली कंपनांनी उमटवावा अशी कल्पना लिनव्हिल यांना सुचली; संशोधक जेम्स ब्लिस यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आली, आणि १९७१ मध्ये ‘ऑप्टॅकॉन’ या नावाने हे यंत्र विक्रीस आले.

उजव्या हाताने एक लहान कॅमेरा ओळीवरून फिरवावयाचा. डावी तर्जनी यंत्रातील एका खोबणीत ठेवावयाची. त्या खोबणीत २४ ओळी आणि ६ स्तंभ अशा १४४ सूक्ष्म सुया असत. कॅमेऱ्याखाली जेथे शाई असेल तेथील सुया थरथरत. म्हणजे ‘ओ’ आले की बोटाखालून एक वर्तुळ सरकत जाई. ऑप्टोफोनप्रमाणेच हे यंत्रही अक्षर ओळखत नसे. ते फक्त आकार पोहोचवी. साधारण वाचकाची गती मिनिटाला चाळीस शब्दांच्या आसपास राही आणि शिक्षणास बरेच आठवडे लागत. हॅस्किन्सचा सिद्धांत पाहता या यंत्रालाही वेगाची मर्यादा असणार हे उघडच होते.

परंतु वेग हे वाचनाचे एकमेव माप नाही. ऑप्टॅकॉन कोणत्याही लिपीत, कोणत्याही भाषेत चाले, कारण त्याला भाषा येतच नव्हती. गणिताचे समीकरण, स्वरलिपी, नकाशावरील रेषा, पत्राच्या माथ्यावरचे चिन्ह, हाताने सुवाच्य लिहिलेला शब्द हे सारे वाचकाच्या बोटाखाली येई. छपाईतील चूक चूक म्हणूनच कळे. अक्षर तिरपे आहे की जाड, परिच्छेद कोठे तुटला, समास किती सोडला हे यंत्राने न गाळता सांगितलेले असे. कोणी केलेला अर्थ पुढे येत नसे. पान जसे आहे तसे येई आणि अर्थ लावण्याचा अधिकार वाचकाकडे राही. कँडी लिनव्हिल यांनी या यंत्राच्या साहाय्याने शिक्षण घेतले आणि त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या.

६

हॅस्किन्सने दाखविलेल्या दुसऱ्या वाटेचा शेवट १९७६ मध्ये दिसला. त्या वर्षी १३ जानेवारीला रे कर्झवाइल यांनी आपले वाचनयंत्र जाहीर केले. पुस्तक काचेवर पालथे ठेवावे आणि यंत्राने ते मोठ्याने वाचावे. निरनिराळ्या वळणांची छापील अक्षरे ओळखणे, पान टिपणे आणि मजकुराचे बोलणे करणे या तीन गोष्टी त्यात एकत्र आल्या होत्या. अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने या कामास पाठबळ दिले आणि तिच्या अंध सभासदांनी यंत्र वापरून त्यात सुधारणा सुचविल्या. आरंभीचे यंत्र अवजड आणि अतिशय महाग होते, परंतु जे एकदा साधले ते लहान व स्वस्त होत जाणार हे ठरलेलेच होते. कागद टिपून त्याचा मजकूर करणारी जी विद्या पुढे जगभरच्या कचेऱ्यांत रूढ झाली, तिला मोठी चालना अंधांसाठी केलेल्या या यंत्रापासून मिळाली.

बोलणाऱ्या यंत्रापुढे स्पर्शाचे यंत्र टिकणे कठीण होते. ऑप्टॅकॉनचे उत्पादन १९९६ मध्ये बंद झाले. त्या निर्णयाने अनेक वापरकर्ते हळहळले. सुटे भाग जपून, जुनी यंत्रे दुरुस्त करून काहींनी ती पुढेही चालविली. त्यांची हळहळ केवळ सवयीची नव्हती. बोलणारे यंत्र वेगाने वाचते, पण आधी स्वतः ओळखते आणि मग सांगते. जे त्याला ओळखता आले नाही ते वाचकापर्यंत पोहोचत नाही, किंवा चुकीचे होऊन पोहोचते. ऐकणाऱ्याला शब्द मिळतो, शब्दाचे लेखन मिळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, विरामचिन्ह हे ऐकून शिकता येत नाही. ही गोष्ट भाषेच्या शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच बोलणारी यंत्रे आल्यावरही ब्रेलचे अध्यापन सोडू नये असा आग्रह जाणत्या अंध शिक्षकांनी सातत्याने धरला आहे.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाला या इतिहासाने दिलेले उत्तर दुहेरी आहे. वेगासाठी यंत्राने बोलावे. पण अर्थावरचा हक्क वाचकाकडे राहावा यासाठी अक्षरही त्याच्या हाती असावे. जेथे या दोहोंपैकी एकच दिले गेले तेथे काही ना काही गमावले गेले.

७

आता आपल्या भाषेकडे वळू. ऑप्टोफोनवर देवनागरी वाचण्याचा प्रयत्न झाला असता तर काय ऐकू आले असते, याची कल्पना त्याच्या रचनेवरून करता येते. शिरोरेषेमुळे सर्वांत वरचा स्वर शब्दभर अखंड वाजत राहिला असता आणि शब्द संपल्यावरच थांबला असता. तंबोऱ्याच्या झंकारावर खालची अक्षरे गात आहेत असा तो प्रकार झाला असता. शब्दांची सीमा रोमनपेक्षा स्पष्ट कळली असती, पण मात्रा आणि रफार मात्र त्या रेषेच्या वर राहून हुकले असते. ज्या यंत्रांनी जगाचे लक्ष वेधले ती सर्व रोमन अक्षरांसाठी घडविलेली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. भारतीय भाषांना आधार मिळाला तो प्रथम ब्रेलचा. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल निश्चित झाली, आणि १९५२ मध्ये मुंबईत अंधांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मराठी बोलणारी यंत्रे येण्यास पुढे अर्धशतक जावे लागले.

आज ती आली आहेत. संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर मराठी मजकूर वाचून दाखविणारी साधने आहेत, त्यांतील काही विनामूल्यही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात अंधांसाठी सुलभ प्रती करण्यास मोकळीक मिळाली, आणि त्याच हेतूने झालेला २०१३ चा माराकेश करार भारताने २०१४ मध्ये सर्व देशांत प्रथम मान्य केला. कायदा आहे, यंत्र आहे. अडते ते आपल्या छापखान्यापाशी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत जुळविलेला मराठी मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. बोलणाऱ्या यंत्राला तो रोमन अक्षरांची निरर्थक रास वाटतो. पानांची नुसती छायाचित्रे घेऊन ठेवलेले जुने अंक अंध वाचकाला कोऱ्या कागदासारखे आहेत. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या संस्थांनी अनेक पिढ्या जपलेले ग्रंथ आणि नियतकालिके पुष्कळ अंशी याच दोन प्रकारांत अडकलेली आहेत. मराठी मुलखापासून दूर राहून मराठी टिकविणाऱ्यांना, आपल्या भाषेतील पुस्तक हाताशी असूनही वाचता न येणे म्हणजे काय, हे इतरांहून अधिक समजावे.

मेरी जेमसन यांना एक पान वाचण्यासाठी जे श्रम पडले ते आजच्या अंध वाचकाला पडावयाचे कारण उरलेले नाही. आपले मुद्रित युनिकोडमध्ये आहे ना, अनुक्रमणिका यंत्राला वाचता येते ना, चित्राखाली त्याचे वर्णन आहे ना, हे प्रत्येक संपादकाने अंक छापखान्यात देण्यापूर्वी पाहावे, आणि जुन्या अंकांचा मजकूर पुन्हा जुळवून घेण्याचे काम प्रत्येक संस्थेने वर्षाला एक-दोन अंक या हिशेबाने का होईना, हाती घ्यावे. एवढे झाले तरी मुक्या पानाला बोलते करण्याचे उरलेले काम वाचक स्वतः करील. ‘वाचणे’ या शब्दाचा अर्थ तोच आहे.